दोनला बटण, पाचला काज

शिवणकाकू सकाळी दिवा लावून, हात जोडून, दिवसातला पहिला टाका घालून होईपर्यंत कोणाशी अवाक्षर बोलत नसत. हा नेम त्यांनी कधी आणि का धरला ते त्या सांगत नसत आणि कोणी फारसं विचारतही नसे. काका तेवढ्या वेळात पेपर वाचून घेत आणि मोठ्याने मतं मांडत. "दिवसातला एवढाच वेळ असा आहे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "की माझं म्हणणं कोणी खोडत नाही."

काकूंचा दुसरा नेम मात्र त्यांनी धरलेला नव्हता, तो त्यांच्या हातालाच जडला होता. कापडाची कड मोकळी सोडायची नाही. रस्त्याकडच्या त्यांच्या खोलीत खिडकीशी मशीन होतं, भिंतीला टेकून कापायचं टेबल होतं. लोक पँटी आखूड करायला, चेनी बदलायला, अंगाला घट्ट झालेले झगे सैल करायला आणून देत. त्या प्रत्येक कपड्याची आतली कडसुद्धा काकू दुमडून पक्की करून देत, सांगितलेलं नसलं तरी. मशीनचं तेल पुसायच्या चिंधीलाही त्यांनी चारी बाजूंनी तुरपाई घातली होती. "फरशीच्या फडक्याला एकदा झालर लाव," काका म्हणत, "म्हणजे मी ते गळ्यात घालून बाहेर जातो." काकू हसत, आणि दुसऱ्या फडक्याची कड दुमडायला घेत. धागे सुटलेलं कापड बघवत नसे त्यांना. उघड्यावर टाकून दिल्यासारखं वाटे.

वरच्या मजल्यावर हॅलोताई राहायची. मोठ्या दवाखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण ते घेत कोणीच नसे. लहानपणीच्या आजारात तिचे डोळे गेले होते. जिन्यावरून उतरताना तिची काठी आधी बोलायची आणि मग ती. बोलायला लागली की मात्र समोरच्याची धडगत नसे.

एका संध्याकाळी ती खाली आली आणि दारातूनच म्हणाली, "काकू, तुमचं अक्षर कसं आहे?"

"का ग? प्रेमपत्र लिहून हवंय का कोणाला?"

"ते मी फोनवर उरकते. परीक्षेला लेखनिक हवाय. मी सांगायचं, त्याने लिहायचं. अक्षर चांगलं पाहिजे, आणि विषय अजिबात येता कामा नये. नियमच आहे तसा."

"कोणता विषय?"

"गणित."

"मग तर माझ्याइतकी लायक बाई गावात सापडायची नाही," काकू म्हणाल्या.

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. काकूंनी तिच्यासमोर स्टूल सरकवलं. बसल्यावर तिने सगळं सांगितलं. ती ज्या शाळेत शिकली, तिथे दिसत नसलेल्या मुली अजूनही शिकतात. गणिताचा तास आला की त्यांना एका खोलीत बसवून गाणी म्हणायला लावतात. आकृत्या, आलेख, कंस, हे सगळं डोळ्यांचं काम, असं म्हणून तो विषय त्यांच्यापुरता सोडूनच दिला आहे. "मला गाणं येतं काकू, चांगलं येतं. पण मी ते गणिताच्या बदल्यात शिकले, म्हणून म्हणावंसं वाटत नाही." या मुलींना मी गणित शिकवते, असं सांगायला ती शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेली होती. बाई म्हणाल्या, तू आधी गणिताचा पेपर पास करून दाखव, मग तो तास तुझा.

"आणि एक ऐकून ठेवा," हॅलोताई म्हणाली. "आमच्या टेलिफोन बोर्डावरच्या पोरी आत्तापासूनच म्हणतायत की पास झाली तर लेखनिकच झाली असणार. म्हणजे मी चुकले तर चुकू द्यायचं. खोकायचंसुद्धा नाही."

"मला खोकला नाहीच."

"तुम्ही उसासे टाकता. ते पण नाही."

काकूंनी देवाच्या कोनाड्याकडे एकदा बघितलं आणि म्हटलं, "तू सांगशील तेच लिहीन. त्यात कमी नाही आणि जास्तही नाही."

अभ्यास सुरू झाला. काकूंनी पुस्तक उघडायचं नाही, अशी हॅलोताईची सक्त ताकीद होती. तिच्याकडे धड्यांचं ध्वनिमुद्रण होतं. ती ते टेबलावर लावी, काकू बटणं लावत बसत. शिकवणारे मास्तर हुशार होते, आवाजही गोड होता, पण आपल्याला कोणी नुसतं ऐकत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. "इथे बघा, असा कंस," ते म्हणत, "आणि या बाजूला असा."

"कसा रे बाबा कसा?" हॅलोताई यंत्राला दरडावून विचारायची.

धडा संख्यांच्या पट्ट्यांचा होता. दोनपासून पाचपर्यंतच्या सगळ्या संख्या, मग त्या पूर्ण असोत, अपूर्णांक असोत, कशाही असोत, त्या एका कंसात कशा लिहायच्या. टोकाचा आकडा त्यात धरायचा असेल तर चौकटी कंस, सोडायचा असेल तर गोल. रेषेवर दाखवताना धरलेल्या टोकाला भरीव ठिपका, सोडलेल्याला पोकळ. एवढं मास्तरांनी तोंडाने सांगितलं होतं, हे त्यांचे उपकार.

"भरीव आणि पोकळ," हॅलोताई पुटपुटली. "ठिपका म्हणजे काय तेच मला धड आठवत नाही."

काकूंनी हातातला सदरा तिच्यापुढे केला. "हे बघ. इकडे बटण, इकडे काज. बटण भरीव, काज पोकळ. बोट घाल."

हॅलोताईने बोट घातलं. मग दुसऱ्या हाताने बटण चाचपलं. तिचा चेहरा असा काही उजळला की काकूंना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी जाड कापडाची एक लांब पट्टी शिवली. ठरावीक अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारल्या, मधली मोठी गाठ म्हणजे शून्य. सेफ्टी पिनांना थोडी बटणं लावली आणि थोडे काज केलेले तुकडे. पिना हव्या त्या गाठीपाशी टोचायच्या. दोनला बटण, पाचला काज म्हणजे दोन आत, पाच बाहेर. हॅलोताई दोन बोटांनी पट्टीवरून जाई आणि सांगे, काकू कागदावर कंस काढत. कागद डोळ्यांपासून लांब धरून आपण काढलेल्या कंसाकडे बघत. चौकटी कंसाचे कोपरे त्यांना कॉलरच्या टोकांसारखे वाटत, ते नीट काढायला त्यांना आवडे.

"काकू, पाचला काज आहे ना, मग पाचच्या अलीकडचा शेवटचा नंबर कोणता?"

"चार."

"साडेचार आहे की मधे."

"मग साडेचार."

"पावणेपाच."

काकूंनी सुई थांबवली. "असं तू करतच राहशील."

"तेच तर! शेवटचा नंबर नाहीच. कितीही जवळ जा, अजून जवळ जाता येतं. फक्त पाचला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावताना त्यांनी ज्योतीभोवती हात धरला, वारा लागू नये म्हणून रोज धरत तसाच. हात किती जवळ नेता येतो ते त्या बघत राहिल्या. जवळ, अजून जवळ. ऊब वाढत होती, आणि ज्योत आपल्या जागी होती.

पट्टीच्या दोन्ही टोकांची मात्र एक अडचण झाली. मास्तर म्हणाले होते, ही रेषा अशीच पुढे जात राहते, तिला बाण काढा, तिथे अनंत. बाण कापडावर कसा काढायचा ते काकूंना कळेना. त्यांनी टोकं नेहमीसारखी दुमडली, तुरपाई घातली. तरी कोपरा वर उचलला जात होता, म्हणून भाराला प्रत्येक टोकाशी एकेक मोठं बटण लावून टाकलं. कोटाचं होतं, चांगलं जड.

हॅलोताईची बोटं टोकापर्यंत गेली आणि थांबली. "काकू, अनंताला बटण?"

काकूंच्या तोंडात दोरा होता. एका गिऱ्हाइकाची चेन अडकली होती, ते दारात उभं होतं. "टोकाला काहीतरी हवंच की ग," त्या म्हणाल्या. "नाहीतर उसवत जाईल."

"हं," हॅलोताई म्हणाली, आणि बटण चिमटीत धरून दोनदा फिरवलं. तिने ते लक्षात ठेवलं. तिची स्मरणशक्ती म्हणजे काय सांगावी, दवाखान्यातल्या प्रत्येक खोलीचा नंबर तिला झोपेतही पाठ होता.

परीक्षेला त्यांना दोघींना वेगळी खोली दिली होती. भिंतीवर घड्याळ, दोन बाकं, एक खुर्ची, आणि खुर्चीत एक चष्मेवाले सर. पट्टी आत नेता येणार नाही म्हणून ती पिशवीत घालून दाराबाहेर ठेवावी लागली. काकूंनी ती सोडताना पिशवीचे बंद दोनदा बांधले.

पहिला प्रश्न वाचून झाला. हॅलोताई थोडा वेळ बोटं बाकावर फिरवत राहिली आणि म्हणाली, "लिहा. उणे एक, बटण. तीन, काज."

सर खुर्चीत ताठ झाले. "हे काय चाललंय? परीक्षा गणिताची आहे ना?"

"हो सर."

"मग बटणं कसली? हा काय सांकेतिक प्रकार आहे?"

"सर, चौकटी कंसाला आम्ही बटण म्हणतो आणि गोल कंसाला काज," हॅलोताई म्हणाली. "मला कंस दिसत नाहीत. बटणं कळतात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठून बाहेर गेले, कोणाला तरी विचारून आले, आणि एका कागदावर दोन्ही शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून त्यावर दोघींच्या सह्या घेतल्या. "चालेल," ते म्हणाले. "पण बाई, प्रश्न वाचताना छापलंय तेच, आणि लिहिताना त्या सांगतील तेच. मी इथेच बसतो." ते खुर्ची उचलून काकूंच्या खांद्याशी येऊन बसले. "आणि तिसरं काही नाही ना? हूक, इलास्टिक वगैरे?"

"नाही सर," काकू हळूच म्हणाल्या. "एवढंच."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघालं, तीनपेक्षा मोठ्या सगळ्या संख्या. हॅलोताईने सांगितलं, "तीन, काज. अनंत, बटण." काकूंनी तीनच्या आधी गोल कंस काढला, मास्तरांनी वर्णन केलेलं, आडव्या पडलेल्या इंग्रजी आठासारखं अनंताचं चिन्ह काढलं, आणि त्याच्यापुढे टोकदार कोपऱ्यांचा चौकटी कंस. सुरेख आला. तिसऱ्याला दोन तुकडे जोडायचे होते, शून्यापासून दोन किंवा त्याहून जास्त लांब असलेल्या सगळ्या संख्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या. "उणे अनंत, बटण. उणे दोन, बटण. मग संयोगाची खूण. दोन, बटण. अनंत, बटण." चारही चौकटी. काकूंना ते शिस्तीत उभ्या खिडक्यांसारखं दिसलं. चौथा प्रश्न नुसत्या आकडेमोडीचा होता.

पाचवा प्रश्न वाचायला काकूंनी कागद जवळ घेतला, आणि त्यांचं बोट अडखळलं. प्रश्नातच एक कंस छापलेला होता. उणे अनंतापासून चारपर्यंत. चारला चौकटी होता. आणि अनंताला गोल.

त्यांनी परत बघितलं. गोलच होता.

अनंताला काज. म्हणजे तिथे काही टेकत नाही, कोणी पोचत नाही, टोक नाहीच. आणि पट्टीच्या टोकाला ते कोटाचं जड बटण. ते कोणी शिवलं? मास्तर तर बाण म्हणाले होते. पोरीने विचारलंही होतं, अनंताला बटण? आणि मी तोंडात दोरा धरून म्हणाले, काहीतरी हवंच की.

"काकू?" हॅलोताई म्हणाली. "वाचा ना."

सरांनी मान वळवली.

काकूंनी वाचलं. "काज, उणे अनंत. चार, बटण. या संचात नसलेल्या सर्व वास्तव संख्यांचा संच लिहा."

हॅलोताईची बोटं बाकावर थांबली. "परत वाचा."

परत वाचताना काकूंच्या जिभेवर सगळा भार त्या एका शब्दावर येऊन बसला होता. काज. थोडंसं जोरात म्हटलं असतं, थोडं लांबवलं असतं, आधी श्वास घेतला असता, तर पोरीच्या कानाने ते टिपलं असतं. तिला आवाजावरून माणसाचा ताप कळायचा. सरांना काही कळलं नसतं. काकूंनी डोळे प्रश्नावर ठेवले आणि आधीसारखंच वाचलं, सगळे शब्द एका मापाचे, जसे मशीनवर सरळ शिवणीत टाके पडतात.

"छापायची चूक असेल," हॅलोताई स्वतःशी म्हणाली. मग, "सर, प्रश्नपत्रिकेत काही दुरुस्ती आली आहे का?"

"नाही."

"नक्की?"

"आली असती तर मी सांगितली असती, बाई."

बाहेर कोणीतरी बादली ठेवली, तिची कडी वाजली. काकूंना गप्प बसायची सवय होती. रोज सकाळी त्या गप्प बसत आणि त्यात त्यांना बरं वाटे, आत कोणीतरी केर काढल्यासारखं. पण ते गप्प बसणं त्यांचं स्वतःचं होतं. हे वेगळं होतं. यात त्यांच्या चुकीचं ओझं दुसरीच्या पाठीवर होतं, आणि ते उतरवायला हात पुढे करायचा नव्हता. 'देवा,' त्या मनात म्हणाल्या, आणि पुढे काय मागावं तेच सुचेना. तिला कळू दे म्हणावं, तर तीही एक प्रकारे खूणच. त्यांनी नुसतं नाव घेतलं आणि तिथेच थांबल्या.

हॅलोताईने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, पट्टीचं टोक चाचपावं तशी. तिच्या कपाळावर आठी आली. ओठ हलू लागले, आवाज नव्हता. मग एकदम ती हसली, छोटंसं.

"बटण असतं," ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "तर तो नंबर असता. नंबर असता तर मी त्यात एक मिळवला असता. मग तो शेवटचा कसला?"

"प्रश्नाचं उत्तर सांगा," सर म्हणाले.

"सांगते. चार, काज. अनंत, काज."

काकूंनी लिहिलं. गोल कंस जरा पोट सुटल्यासारखा आला.

"आता मागे चला. सगळीकडे जिथे जिथे…"

"मोघम नाही चालणार," सर म्हणाले. "कोणत्या प्रश्नात कुठे काय, ते नेमकं सांगायचं. लेखनिकाने शोधायचं नाही."

"बरं. दुसऱ्याचं उत्तर. शेवटचं बटण खोडा, काज लिहा." काकूंनी खोडलं, लिहिलं. "तिसऱ्याचं उत्तर. शेवटचं बटण खोडा, काज लिहा." काकूंनी खोडलं, लिहिलं, आणि पेन वर धरून थांबल्या.

तिसऱ्याच्या सुरुवातीला, डावीकडे, उणे अनंताच्या अलीकडे, एक चौकटी कंस तसाच उभा होता.

हॅलोताई म्हणाली, "सहावा वाचा."

घड्याळात वेळ थोडा उरला होता. काकूंच्या मनात आलं, नुसतं विचारावं, तिसरं एकदा वाचून दाखवू का? विचारायला काय हरकत आहे? आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की हरकत तीच आहे. बाकीच्या उत्तरांना त्यांनी हे विचारलं नव्हतं.

त्यांनी सहावा वाचला. सहावा मोठा होता. उत्तराची शेवटची ओळ लिहिली आणि घंटा झाली. सरांनी कागद गोळा केले, वरच्या पानावर सही केली आणि जाता जाता म्हणाले, "बटण आणि काज. घरी सांगतो." बोलले ते मनापासून.

बाहेर व्हरांड्यात बाकावर दोघी बसल्या. काकूंनी पिशवीचे बंद सोडले, पट्टी काढली आणि हॅलोताईच्या मांडीवर ठेवली.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "टोकाला बटण मीच लावलं. कापड वर उचलायला नको म्हणून. मास्तर काही म्हणाले नव्हते. तू विचारलंस, आणि मी नीट ऐकलं नाही."

हॅलोताईने पट्टीचं टोक शोधलं. बटण फिरवलं. "म्हणजे मी इतके दिवस अनंताला कोटाचं बटण लावून फिरत होते?"

"हो ग बाई."

"तरीच म्हटलं जड का लागतंय." ती हसत होती, पण लगेच थांबली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पाचवा वाचताना."

"आणि तुम्ही…" ती वळली. "तुमचा आवाज जराही हलला नाही. मी लक्ष देऊन ऐकत होते."

काकूंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"काकू. अजून काहीतरी आहे. तुम्ही उसासा गिळलात आत्ता."

"एक राहिलं. तिसऱ्यातलं. डावीकडचं."

हॅलोताईने मनात तिसरा प्रश्न उघडला असावा, कारण तिचा चेहरा हळूहळू पडला. "उणे अनंत," ती म्हणाली. "शी! समोरच होतं." तिला बोलायला इतका वेळ लागलेला काकूंनी कधी पाहिला नव्हता. माणसं बाजूने जात होती, कोणीतरी पेपरातली उत्तरं पडताळून वाद घालत होतं.

"राग आलाय मला," शेवटी ती म्हणाली.

"यायलाच हवा."

"तुमचा नाही. म्हणजे तुमचाही आलाय थोडा. तुम्ही बघत होतात आणि ते तिथे उभं होतं." तिने पट्टीची गुंडाळी केली, परत सोडली. "पण तुम्ही खोकला असतात ना, तर मी आयुष्यभर मोजत बसले असते की यातलं माझं किती. आता चूकसुद्धा माझी आहे. कोणाच्या बापाची नाही."

"चूक अर्धी माझी आहे."

"ती तुमची तुम्ही सांभाळा," हॅलोताई म्हणाली आणि काठी उघडली. "चला. भूक लागलीय."

निकाल लागला तेव्हा ती पास झाली होती. फार वर नव्हती, पण काठावरही नव्हती. बोर्डावरच्या पोरी म्हणाल्या, लेखनिक कोण होती ग तुझी? ती म्हणाली, शिवणकाकू, आठवीपर्यंत शिकलेल्या, आणि एक चूक दिसत असूनही तशीच राहू दिली त्यांनी, जाऊन विचारा. कोणी विचारायला आलं नाही. मोठ्या बाईंनी शब्द पाळला. मात्र गाण्याचा तास काढायचा नाही, अशी हॅलोताईनेच अट घातली. तो वेगळा, हा वेगळा.

शाळा सुरू व्हायच्या आधी ती काकूंकडे आली. प्रत्येक मुलीला एक अशा पट्ट्या हव्या होत्या. काकूंनी जाड कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघा ओढल्या, कापलं. गाठी मारल्या. लांबीच्या दोन्ही कडा दुमडून शिवल्या. मग पट्टीच्या टोकाशी आल्या. हात सवयीने सुईकडे गेला, टोक दुमडलंही गेलं. काकूंनी ते परत उलगडलं. मोकळ्या कडेचे धागे उभे राहिले, आडवे तिडवे. बघून अंगावर काटा आला त्यांच्या.

"असंच ठेवू?"

"असंच."

"शाळेतल्या बाई म्हणतील, कसली शिलाई ही."

"म्हणू देत. मी सांगेन, शिंपीण चांगली आहे, पण इथे टोकच नाही, ती तरी काय करणार?"

काका पेपरामागून म्हणाले, "या घरात उघडी कड? मला जरा धरा कोणीतरी."

हॅलोताईने पट्टी हातात घेतली. शून्याच्या गाठीपासून बोटं सरकवत ती उजवीकडे निघाली. एक, दोन, तीन. गाठी संपल्या, कापड संपत आलं, आणि बोटांना सुटे धागे लागले. तिने त्यातला एक चिमटीत धरून हलकेच ओढला. तो आला. अजून ओढला, अजून आला.

काकूंना राहवेना. "अगं, पुरे कर, सगळी उसवेल ती."

"थांबा हो," ती म्हणाली, आणि ओढत राहिली.